पेंढा भरलेल्या खोकडाला वाळवंट कसं द्यायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जुनं, पेंढा भरलेलं एक खोकड, म्हणजे छोटा कोल्हा, आणि पखुर्ड्यांची, म्हणजे माळावरच्या पक्ष्यांची, जोडी आहे. नोंदवहीत ‘राजस्थान’ एवढंच लिहिलंय. चार बाय तीन फुटांची काचपेटी मोकळी झाली आहे आणि तुम्हाला तिच्यात थरच्या वाळवंटाचा देखावा करायचाय. मुलांनी तापीची वाळू आणून फेव्हिकॉलवर पसरली, कोपऱ्यात प्लास्टिकचा निवडुंग रोवला, आणि आता ते वाढदिवसाच्या केकसारखं दिसतं असं तुम्ही म्हणता. फोटो पाहिले. केकच दिसतोय.

मी मूळचा गणपतीची आरास करणारा माणूस. धुळ्यात मंडळांसाठी डोंगर, गुहा, धबधबे करता करता एका शाळेच्या संग्रहालयाचं काम आलं, आणि गेली सव्वीस वर्षं प्राण्यांच्या पायाखालची जमीन करणं हाच धंदा होऊन बसलाय. पेंढा मी भरत नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्या कामाला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. तुमच्या नमुन्यांचे मालकीचे कागद आधी शोधून ठेवा, आणि देखाव्यात रानातून उचललेलं मोरपीस, सापाची कात, कुठली अंडी असलं काहीही घालू नका. सांडा, म्हणजे तिकडची काटेरी शेपटीची पाल, दाखवायचाच असेल तर मातीचा करून रंगवा.

कामाला हात लावण्याआधी दुसरी गोष्ट म्हणजे सोमल, आर्सेनिकचं जहाल विष. अठराव्या शतकात बेकूर नावाच्या फ्रेंच माणसाने कातड्याला किडीपासून वाचवायला सोमलाचा साबण काढला, आणि पुढे दोनशे वर्षं जगभर तो वापरला गेला. जुन्या नमुन्याच्या डोळ्यांच्या कडेला, नख्यांच्या मुळाशी, पोटाच्या शिवणीवर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ समजून फुंकर मारू नका. दिसली नाही तरी आहे असंच धरून चाला. नायट्रिलचे हातमोजे, एन-९५ मास्क, आणि मुलांना फक्त बेसचं काम द्या. प्राणी हलवायचा तो तुम्ही किंवा लॅब असिस्टंटने. साधा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. तो मागच्या बाजूने तीच भुकटी खोलीभर उडवतो.

आता खोकडाच्या शेपटीचं टोक बघा. फोटोत ते काळं दिसतंय. काळं टोक म्हणजे आपलं साधं खोकड, जे धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातही राहतं आणि जैसलमेरच्या माळावरही. थरमध्ये दुसराही एक कोल्हा असतो, लाल कोल्ह्याची वाळवंटी जात. त्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. तुम्ही पेटीत वाळूच्या टेकड्या उभ्या करायच्या बेतात आहात, पण हे खोकड उंच टेकड्यांवर रमणारं नाही. त्याला कडक जमीन, विरळ गवत, इकडेतिकडे झुडूप आणि बीळ काढता येईल अशी माती लागते. पखुर्ड्यांचंही तेच. त्या उघड्या खडेरी जमिनीवर बिया टिपतात, आणि जमिनीवरच नुसता खळगा करून अंडी घालतात. थर म्हणजे सगळी वाळूच, हा समज आपल्याला सहलीच्या फोटोंनी दिलाय. तिथे दगडगोट्यांचे माळ आहेत, खारट सखल जमिनी आहेत, सेवण गवताचे पट्टे आहेत. तुमच्या पेटीत खडेरी माळ येऊ द्या आणि वाळू फक्त जिथे वाऱ्याने आणून टाकली तिथेच दिसू द्या. काम निम्म्याने सोपं होईल आणि देखावा दुपटीने खरा वाटेल.

माझ्या पहिल्या वाळवंटात वाळूच वाळू होती. पेटी तयार झाली, मी खूश होऊन हात पुसत उभा, आणि आमचे सुतार आप्पा चौकट बसवायला आले. दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “वारा कथाईन ई ऱ्हायना?” वारा कुठून येतोय, एवढाच प्रश्न. मी नीट पाहिलं. वाळूच्या लाटा पूर्व-पश्चिम, गवत डावीकडे झुकलेलं, झुडपामागची वाळू उजवीकडे साचलेली, आणि कोल्ह्याच्या मानेवरचे केस पुढून विस्कटलेले. एका पेटीत चार वारे. आप्पांनी आयुष्यभर शेतात काम केलं होतं, त्यांना वाळवंटाची काही माहिती नव्हती, पण वारा माहीत होता. ती पेटी मी महिनाभराने स्वखर्चाने उचलून आणली आणि फोडली.

तेव्हापासून बेसच्या प्लायवर पहिली रेघ खडूने मारतो ती वाऱ्याच्या बाणाची. थरमध्ये उन्हाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. तुमच्या पेटीत डावीकडचा पुढचा कोपरा नैर्ऋत्य धरा आणि बाण उजवीकडे मागे न्या. दुसरी रेघ उन्हाची. खोकड पहाटे आणि संध्याकाळी फिरणारं. म्हणजे वेळ सूर्योदयानंतरची घ्या, महिना मार्च. त्या वेळी नेप्तीच्या झुडपाला, ज्याला तिकडे कैर म्हणतात, लाल फुलं येतात. एक जागा, एक महिना, एक वेळ ठरली की पुढचे शंभर प्रश्न आपोआप सुटतात. गवत हिरवं की पिवळं? मार्च आहे, पिवळं. सावली लांब की आखूड? सकाळ आहे, लांब.

बेसचं गणित करू. चार बाय तीन फुटांवर दोन इंच वाळू पसरली तर दोन घनफूट होते; कोरड्या वाळूचं वजन लिटरला दीड किलोच्या वर असतं, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास ओझं. काचपेटीचा तळ वाकतो, आणि हलवताना सगळी वाळू एका बाजूला सरकून पेटी तिरकी होते. म्हणून खाली १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर थर्माकोल कापून, रचून जमिनीचे चढउतार, आणि वर वाळूची तीन-चार मिलिमीटरची नुसती कातडी. अख्ख्या पेटीला सहा-सात किलो वाळू पुरते. चढउतार फार करू नका. पुढून मागे दीड इंच चढ आणि बिळाजवळ एक उंचवटा, बस्स.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, आणि बूट चिकटवायचा सोल्युशनचा गोंदही लावू नका. दोन्हींत जे द्रावण असतं ते थर्माकोल खातं. माझा एक अख्खा डोंगर असा रात्रीतून बसला होता. सकाळी पाहतो तर वरचा रंगाचा पापुद्रा शाबूत आणि आत पोकळी. थर्माकोलला पांढरा फेव्हिकॉल चालतो. त्यावर कागदाचा लगदा, भुसा आणि फेव्हिकॉल यांचा पातळ थर द्या. वॉल पुट्टी मिसळली तर कोरायला सोपं जातं. हा थर वाळायला आपल्याकडे मार्चमध्ये दोन दिवस लागतात. मे महिन्यात दुपारी लावू नका. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा पारा पाणी इतकं झपाट्याने ओढतो की वरची साय तडकते. तडे हवेच असतील, खाऱ्या जमिनीसाठी वगैरे, तर ते वेगळं. इथे नकोत.

आता वाळू. तापी-गिरणेची वाळू नको. आपली नदी काळ्या दगडातून, बेसाल्टमधून येते. तिच्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा, काळी मिशी चिकटून येते. दाणेही ओबडधोबड आणि लहानमोठे, कारण पाणी सगळं एकत्र वाहून आणतं. वारा मात्र चाळणीसारखं काम करतो. बारीक धूळ उडवून लांब नेतो, जाड खडे जागेवर ठेवतो, आणि मधल्या मापाचे दाणे उड्या मारत मारत एकत्र येतात. म्हणून टेकडीची वाळू हातात घेतली की एकसारखी लागते, चौथाई मिलिमीटरच्या आसपास. खाडीकिनाऱ्याचीही वाळू नको, तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि प्राण्याच्या पायाला ती ओल पोचते.

मी पाण्याच्या फिल्टरसाठी विकतात ती पांढरी सिलिका वाळू घेतो. दुकानातून बिलासह मिळते, नदीतून उचलायची भानगड नाही. मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली आलेली घ्या. चाळताना मास्क लावाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. धुवून, मग भडभुंजा फुटाणे भाजतो तशी मोठ्या कढईत परतून घ्या. किडीमुंगीची अंडी मरतात आणि ओल जाते. रंगासाठी एक किलोला दोन चमचे पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू, पाण्यासारख्या पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून वाळूला चोळा, ताडपत्रीवर पसरून वाळवा, हाताने सुटी करा. पण सगळी वाळू रंगवू नका. चौथा हिस्सा पांढरी ठेवा, त्यात मूठभर थोडी लालसर, मूठभर राखाडी, आणि मग एकत्र करा. खऱ्या वाळूत प्रत्येक दाण्याचा रंग वेगळा असतो आणि डोळ्याला तो लांबूनही कळतो. सगळे दाणे एका रंगाचे झाले की रांगोळी दिसते.

चिकटवण्यात तुमच्या मुलांची चूक झाली ती सगळ्यांचीच होते. फेव्हिकॉलवर वाळू टाकली, वर पुन्हा पातळ फेव्हिकॉल फवारला, आणि वाळू ओली दिसायला लागली, बरोबर? वाळली तरी ओलीच दिसते. कोरड्या वाळूत दाण्यादाण्यांत हवा असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि ती फिकी दिसते. गोंदाने ती हवेची जागा भरली की रंग गडद होतो, पाण्याने होतो तसाच. म्हणून गोंद फक्त खालून. ब्रशने फेव्हिकॉलचा सारखा थर द्या, पाच मिनिटं थांबा, बोटाला चिकट लागायला लागला की चाळणीने वरून वाळू पडू द्या, भरपूर, अर्धा इंच. दाबू नका. रात्रभर तशीच. सकाळी बेस पेटीच्या बाहेरच असेल तर तो तिरका करून जादा वाळू झाडून घ्या. जिथे टक्कल दिसेल तिथे पुन्हा तेच. शेवटी कोरडी पिवडी आणि मुलतानी माती मिसळून जुन्या पायमोज्यात भरा आणि वर हलकेच आपटा. ती धूळ खोलगट भागात बसते आणि सगळं एकाच जमिनीचं वाटायला लागतं.

लाटा, म्हणजे वाळूवरच्या त्या रेघा, मुलांना फार करायच्या असतात. करू द्या, पण एकाच कोपऱ्यात, नेप्तीच्या झुडपामागे साचलेल्या वाळूवर. आपल्याकडच्या मुलांच्या हाताला कपाशीच्या सऱ्यांची सवय. ते सरळ, समान, खोल रेघा ओढतात आणि वाळवंटात सरी पाडल्यासारखं दिसतं. खरी लाट उथळ असते. दोन लाटांत चार बोटांचं अंतर असेल तर उंची जेमतेम चार-पाच मिलिमीटर. वाऱ्याकडची बाजू लांब आणि निजलेली, पलीकडची आखूड आणि उभी. लाटा वाऱ्याच्या बाणाला आडव्या असतात आणि मधेच दोन मिळून एक होतात, किंवा एकीचे दोन फाटे फुटतात, गुलेलीच्या फाट्यासारखे. हे पुट्टीच्या थरातच कोरून घ्यायचं, वाळूत नाही. आणि एक बारीक खुबी: लाटेच्या माथ्यावर किंचित जाड दाणे टाका. वारा जाड दाणे माथ्यावर ठेवतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण पटतं.

झुडपामागची वाळू कशी साचते ते बघायला राजस्थानला जायला नको. मार्च-एप्रिलमध्ये शिंदखेड्याकडे एखाद्या पडीक शेताच्या बांधावर जाऊन गुडघ्यावर बसा. बोराटीच्या जाळीला वारा अडतो, आणि मागच्या बाजूला मातीची निमुळती शेपटी तयार होते, झुडपाजवळ जाड, पुढे पातळ होत जमिनीत विरून जाणारी. गवताच्या एकट्या काडीभोवती कधीकधी अर्धवर्तुळ दिसतं. वाऱ्याने काडी झुलते आणि तिचं टोक मातीवर कंपासासारखी रेघ ओढतं. असं एकच अर्धवर्तुळ तुमच्या पेटीत पुढच्या काचेजवळ करा. मुलं ते शोधून काढतील आणि वर्गात सांगतील.

दगडांच्या बाबतीत आपला खान्देश उपयोगाचा नाही. इथला काळा, तपकिरी दगड त्या पेटीत ठेवला तर जाणकार पहिल्या नजरेत सांगेल की हा माळ धुळ्याचा आहे. फरशीच्या दुकानात पिवळा जैसलमेर दगड मिळतो, चुनखडीचा, आणि त्याचे कापून उरलेले तुकडे दुकानदार फुकट देतो. गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडा. मशीनने कापलेली सपाट बाजू नेहमी खाली किंवा आत. फोडलेले तुकडे धारदार असतात, म्हणून रंगाच्या रिकाम्या बादलीत थोडी वाळू घालून झाकण लावा आणि पोरांना ती बादली अर्धा तास पटांगणात लोळवायला सांगा. कडा मोडतात. याहून स्वस्त यंत्र मला सापडलेलं नाही.

खडे मांडताना ते जमिनीवर ठेवू नका, जमिनीत बसवा. वाऱ्याने भोवतालची बारीक माती नेल्यावर खडा मागे उरतो, म्हणून तो निम्मा रुतलेला, रुंद बाजूवर निजलेला आणि शेजाऱ्यांशी जुळवून घेतलेला असतो. भेळेवर शेव टाकल्यासारखे खडे भुरभुरले की खेळ संपला. मोठ्या खड्यांच्या मागे, बाणाच्या दिशेने, वाळूची बोटभर शेपटी ओढा.

झाडांत तुमचा निवडुंग आधी बाहेर काढा. हात वर केलेला तो उंच निवडुंग अमेरिकेतला आहे. फड्या निवडुंगसुद्धा तिकडचाच, माणसाने इकडे आणलेला. थरच्या खडकाळ भागात थोर दिसतो, पण तो निवडुंगाच्या कुळातला नाही. वेडी बाभूळ तिकडे आज भरपूर आहे, तीही बाहेरून आलेली. तुमच्या नमुन्याचा काळ माहीत नसल्याने मी ती टाळेन. शमी, जिला तिकडे खेजडी म्हणतात, ती थरची खूण खरी, पण तिची बारीक पानं चार बाय तीनच्या पेटीत हाताने करायची म्हणजे दोन महिने गेले. ती मागच्या चित्रात लांबवर रंगवा.

पुढे एकच झुडूप, नेप्ती. तिला बहुतेक वर्षभर पानं नसतात, नुसत्या हिरव्या बारीक काड्यांचा गुंता, त्यामुळे करायला सोपी. गाभ्यासाठी मी पऱ्हाटी वापरतो. वेचणी झाल्यावर कपाशी उपटून बांधावर टाकतात ना, तिची मुळं घ्या, शेंडा नव्हे. कपाशीचं मूळ पिळदार, गाठाळ असतं. उलटं धरलं की शंभर वर्षांच्या झुडपाचं खोड दिसतं. त्याला बारीक तारेच्या, फेव्हिकॉल-टिश्यूने गुंडाळलेल्या काड्या जोडा, फिका धुरकट हिरवा रंग द्या, टोकाकडे थोड्या वाळक्या. दहा-बारा लाल फुलं पुरेत, आणि त्यांतली तीन-चार खाली गळलेली, वाऱ्याने झुडपाच्या मागे नेलेली.

गवतासाठी सेवण मिळणार नाही. कुसळी घेतलीत तर तिची पिळलेली कुसळं काढून टाका, ती ओळखू येतात. मारवेलच्या वाळक्या काड्या चालतील. काड्या एकेक रोवू नका. वीस-पंचवीस काड्यांचा जुडगा करून, बुडखा कापडाच्या पट्टीने बांधून, आधी छोटं ठोंब करा आणि मग ते बसवा. काही काड्या मोडलेल्या, काही जनावराने खुडलेल्या. उजेडात वाळकं गवत दोन-तीन वर्षांत पांढरं पडतं, म्हणून आधीच पातळ अॅक्रिलिक रंगाचा हात द्या.

रानातून किंवा शेतातून आणलेली प्रत्येक काडी पेटीत जाण्याआधी गोठवायची. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. आइस्क्रीमवाला ओळखीचा असेल तर हिवाळ्यात जागा देतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव आतल्या काड्यांवर पडतं. हे केलं नाही तर पऱ्हाटीतली कीड खोकडाच्या कातड्यापर्यंत जाते. चामडं खाणारे भुंगे एकदा आत शिरले की सहा महिन्यांत कानाचे केस गळतात, आणि मग सुंदर वाळवंट घेऊन काय करायचं?

बिळाबद्दल तुम्ही विचारलंत की आतला काप दाखवावा का. कल्पना जुनी आणि चांगली आहे. कार्ल एकली या पेंढा भरणाऱ्या कारागिराने १८९० साली अमेरिकेत मिलवॉकीच्या संग्रहालयात मस्करॅट नावाच्या पाणउंदरांचा देखावा केला त्यात पाण्याच्या वरचं आणि खालचं दोन्ही दाखवलं होतं. पण तुमच्या पेटीला तेवढी खोली नाही. फक्त तोंड दाखवा, वीतभर रुंद, मागच्या उंचवट्यात, किंचित तिरकं. भोक सरळ समोर ठेवलं तर आतली प्लायवूड दिसते. तिरकं वळवून आत गडद तपकिरी, बिनचमकीचा रंग द्या, काळा नको. खोकडाच्या बिळाला बरीच तोंडं असतात, म्हणून बाजूला एक दुसरं, जुनं, अर्धं बुजलेलं. तोंडासमोर पंख्यासारखी पसरलेली उकरलेली माती हवी आणि तिचा रंग भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित गडद हवा, कारण ती आतून आलेली, उन्हाने न विटलेली असते. ही एक छटा सगळ्यात जास्त काम करते.

आणि आता पाय. कुठल्याही संग्रहालयात गेलात, अगदी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग विभागातसुद्धा, तर दहा मिनिटं प्राण्यांकडे न बघता नुसते पाय बघा. जिथे पंजा आणि जमीन यांत कागद सरकेल एवढी फट राहते, तिथे प्राणी तरंगतो. पण तुमचा नमुना जुना आहे, त्याच्या पंजाला गोंद, वाळू, रंग काहीच चिकटवायचं नाही. म्हणून मी तबक करतो. प्राणी ज्या छोट्या फळीवर तारेने कसलेला आहे ती फळी वेडीवाकडी कापून, मोठ्या बेसमध्ये तिच्याच आकाराचा खाच करून आत बसवायची. वरची पातळी एक झाली पाहिजे. फळीवर जमीन करताना प्राण्याला पातळ प्लास्टिकने झाकून, पंज्यापासून दोन मिलिमीटर दूर थांबायचं. मग सुटी, न चिकटवलेली वाळू चमच्याने पंज्याच्या कडेला घालून ब्रशने ढकलायची, बोटांच्या पुढे बारीकशी कड उठेल अशी. तबकाच्या सांध्यावरही सुटी वाळू आणि एखादं गवत. पुढे कधी प्राणी तपासायला काढायचा झाला तर वाळू झाडली की तबक उचलून येतं.

खोकड कुठे बघतंय ते पाहून पखुर्ड्या ठेवा. फोटोत त्याची मान डावीकडे, खाली आहे. पखुर्ड्या तशा उभ्या, सैल, पिसं न फुगवलेल्या. म्हणजे त्यांना कोल्ह्याचा पत्ता नाही. तेव्हा त्यांना डावीकडे पुढे, मध्ये नेप्तीचा आडोसा येईल अशा ठेवा. नर-मादीपैकी नर थोडा पुढे. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांपर्यंत पाणी नेतो, हे लिहायला पाटीवर एक ओळ ठेवा, पण पेटीत पाणवठा करू नका. उरलेला उजवीकडचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. तिथे फार तर भुंगेऱ्याच्या चालीची एक टिंबटिंब रेघ. विंचू, हाडं, कवटी, सगळं घालायचा मोह होतो, आरास करणाऱ्याला तर जास्तच. मंडळात लोक दोन मिनिटं बघून पुढे सरकतात म्हणून आम्ही कोपरान् कोपरा भरतो. इथे मुलं तास-तास उभी राहणार आहेत.

मागच्या चित्राची क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि क्षितिजाजवळ आकाश निळं नव्हे, धुळीने पांढुरकं. दिवा एकच, एलईडी, उजव्या बाजूने खाली उतरलेला, बाकी मंद. पिसं आणि केस उजेडाने विटतात. ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नेऊ नका, मोबाईलवरचं ॲप अंदाज देतं. खिडकी समोर असेल तर आधी पेटीची जागा बदला.

सगळं झालं की लगेच काच लावू नका. फेव्हिकॉल आणि प्लाय दोन्हींतून आंबट वाफ निघत राहते, बंद पेटीत ती कोंडते. तीन-चार आठवडे बेस उघडा, प्राण्याशिवाय, पंख्याखाली राहू द्या. नाक लावून वास आला नाही की तबकं बसवा. ग्लू गनने काही चिकटवलं असेल तर ते काढून तारेने बांधा. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्यात तो गोंद मऊ पडतो आणि फुलं, काड्या एकेक करून मान टाकतात.

पहिला पावसाळा संपला की, साधारण दसऱ्याच्या सुमाराला, काच काढा आणि तबकं उचलून खालची बाजू बघा. पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर घूण, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, आहे. पंज्याखालची सुटी वाळू गोळा झालेली असेल तर पेटीत ओल शिरतेय, आणि ती बहुतेक वेळा मागच्या भिंतीतून येते. पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि फोटो मला पाठवा.